कादंबरीचा व्याकरणशुद्ध पंचनामा

शालेय व्यवहारात 'उजळणी' ही संज्ञा, जे पहिल्या खेपेस समजले नाही ते दुसऱ्या खेपेस त्याच शब्दांत, परंतु अधिक वेगाने सांगणे, या अर्थी स्थिरावलेली आहे. व्याकरण आणि साहित्यविचार यांतील संज्ञांच्या वाट्याला ही उजळणी विशेष प्रमाणात येते, कारण दोन्ही विषय परीक्षेच्या तोंडावर आठवतात आणि परीक्षा संपताच विस्मरणात जातात. यावर उपाय म्हणून भाषाशिक्षणाचे जाणकार असे सुचवितात की, समास, प्रयोग, अलंकार, निवेदन, कथानक यांच्या याद्या पाठ करून घेण्याऐवजी वर्गात एखादी पूर्ण कादंबरी वाचावी आणि ज्या संज्ञा जेथे भेटतील तेथे त्यांची ओळख नव्याने करून द्यावी. कल्पना निर्दोष आहे. तिच्यातील सर्व दोष तिची अंमलबजावणी सुरू झाल्यावर निर्माण होतात.

मराठीपुरते बोलावयाचे तर या दोन विषयांच्या नात्यात ज्येष्ठतेचा प्रश्न मुळापासूनच आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली प्रसिद्ध झाले, तर मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख केला जातो ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ साली आली. म्हणजे कादंबरी जन्मास आली तेव्हा तिची वाक्ये तपासण्यासाठी व्याकरण एकवीस वर्षे आधीपासून दारात बसलेले होते. पुढे १९११ साली मोरो केशव दामले यांनी 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा भरभक्कम ग्रंथ सिद्ध केला, आणि त्यानंतर मो. रा. वाळंबे यांच्या 'सुगम मराठी व्याकरण लेखन' या पुस्तकाने तो विषय स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांपर्यंत, म्हणजे गावोगावच्या अभ्यासिकांपर्यंत, पोहोचविला. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत मराठी व्याकरणाचे प्रश्न असल्यामुळे, पहाटे रस्त्यावर धावणारा आणि संध्याकाळी विभक्तीचे प्रत्यय घोकणारा तरुण हे पश्चिम महाराष्ट्रातील परिचित दृश्य आहे. इंग्रजी अमलातील शिपायाला बहुव्रीही समास ओळखता येत नसे आणि त्यावाचून त्याचे काही अडतही नसे. आजच्या शिपायाला मात्र आरोपी पकडण्याआधी बहुव्रीही पकडून दाखवावा लागतो.

कादंबरीद्वारे उजळणीचा विचार करण्यासाठी कोल्हापूर जिल्ह्याच्या पन्हाळा तालुक्यातील कोडोली या गावातील दहावीचा एखादा वर्ग गृहीत धरणे सोयीचे ठरते. वारणा नदीचे खोरे, शेजारी वारणानगरचा सहकारी साखर कारखाना, चहूबाजूंनी ऊस आणि काखे, मोहरे, सातवे, जाखले अशा गावांतून येणारी मुले, एवढी सामग्री या गृहीतकास पुरेशी आहे. कादंबऱ्यांचा तुटवडा तर या परिसराला कधीच नव्हता. 'गोतावळा' आणि 'झोंबी' लिहिणारे आनंद यादव कागलचे, 'मृत्युंजय'कार शिवाजी सावंत आजऱ्याचे, 'स्वामी'कार रणजित देसाई चंदगड तालुक्यातील कोवाडचे, 'ययाति'कार वि. स. खांडेकर सांगलीत जन्मून कोल्हापुरात स्थायिक झालेले, आणि नदी ओलांडून वाळवा तालुक्यात शिरले की अण्णा भाऊ साठे यांचे वाटेगाव. ज्या भूप्रदेशात उसाखालोखाल कादंबरीकारच अधिक पिकलेले आहेत, तेथील विद्यार्थ्याला कादंबरी म्हणून जे काही वाचावयास मिळते ते बहुधा क्रमिक पुस्तकातील दोन-तीन पानांचा उतारा असतो.

याच ठिकाणी कोडोलीच्या नावापासूनच अलंकारांची उजळणी सुरू करता येते. 'टारफुला' ही कादंबरी आणि 'धिंड'सारख्या कथा लिहिणारे शंकर पाटील यांचा जन्म १९२६ साली कोडोलीत झाला, असे विधान एखाद्या उत्साही विद्यार्थ्याने केले, तर ते अर्धे खरे असते; कारण ती कोडोली म्हणजे हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोली होय. शिवाय साताऱ्यालगतही एक कोडोली आहेच. आता उपमेय म्हणजे जिचे वर्णन चालू आहे ती वस्तू आणि उपमान म्हणजे जिच्याशी तुलना करावयाची ती वस्तू, हे ध्यानात घेतले असता पुढील भेद आपोआप स्पष्ट होतात. शंकर पाटलांचे गाव पाहण्यास निघालेला एखादा साहित्यप्रेमी पन्हाळ्याच्या कोडोलीत उतरून त्यांच्या घराची चौकशी करू लागला, तर तो भ्रान्तिमान अलंकार होतो, कारण त्यात एक वस्तू दुसरी समजली जाते आणि त्या समजुतीने कृतीही घडते. तोच गृहस्थ बसस्थानकावर उभा राहून 'ही ती कोडोली की ती ही कोडोली' असा घोळ घालीत राहिला, तर भ्रम पक्का न झाल्यामुळे तो केवळ ससंदेह ठरतो. त्याला पाहुणचाराच्या भरात एखाद्या ग्रामस्थाने 'अहो, हे पन्हाळ्याकडचं गाव न्हवंच, हीच ती तुमची कोडोली' असे सांगितले, तर उपमेयाचा निषेध करून ते उपमानच आहे असे ठासून सांगितले गेल्यामुळे अपन्हुती साधते. फक्त अनन्वय, म्हणजे ज्याची तुलना केवळ त्याच्याशीच होऊ शकते असे वर्णन, या गावाच्या बाबतीत साधत नाही. कारण 'कोडोलीसारखी कोडोलीच' असे कोणी म्हटले की ऐकणारा 'कोणती?' असे विचारतो.

कादंबरी निवडताना कोडोलीच्या वर्गाने अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' घ्यावी, हे सर्व दृष्टींनी उचित होय. १९५९ साली प्रसिद्ध झालेली, बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेली, वि. स. खांडेकरांची प्रस्तावना लाभलेली आणि १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळविणारी ही कादंबरी वारणेच्याच खोऱ्यात घडते. तिच्यातील डोंगर, ओढे आणि माणसांच्या तोंडचे शब्द ओळखण्यासाठी येथील मुलांना तळटिपा लागत नाहीत. शिवाय लेखकाचे स्वतःचे शालेय शिक्षण दीड दिवसाचे होते असे सर्वत्र सांगितले जाते, आणि ज्याला शाळेने दीड दिवसात बाहेर काढले त्याच्या पुस्तकाला शाळेने पुढे वर्गात आणून त्याच्यातील समास मोजावेत, यात जो विरोध आहे तो विरोधाभास या अलंकाराच्या व्याख्येत बसत नाही. विरोधाभासात वरवर दिसणारा विरोध अंती मिटतो, आणि येथे तो मिटत नाही.

अशा वर्गातील वाचन सामान्यतः प्रकट वाचन असते, कारण तीन-चार प्रतींत सारा वर्ग भागवावा लागतो. एक मुलगा उभा राहून वाचतो, इतर ऐकतात, आणि शिगावच्या जत्रेतून जोगणी, म्हणजे गावाला जत्रेचा मान मिळवून देणारी वाटी, आणण्यासाठी निघालेला फकिराचा बाप राणोजी गर्दीत शिरतो न शिरतो तोच शिक्षक हात वर करून या वाक्यातील क्रियाविशेषण अव्यय विचारतात. उत्कंठा ही साहित्यविषयक संज्ञा अशी की, पुढे काय होणार हे वाचकाला कळू न देता ते जाणून घेण्याची त्याची इच्छा ताणत नेणे. हे काम कोडोलीच्या वर्गात लेखकाच्या बरोबरीने तासाची घंटा आणि व्याकरणाचा प्रश्न ही दोन साधने करीत असतात. राणोजीचा जीव टांगणीला लागलेला असताना 'सर, आधी त्यो जगतोय का सांगा, मग अव्यय सांगतो' असे जे उत्तर मागच्या बाकावरून येते, ते उद्धटपणात मोडत असले तरी, साहित्याच्या आस्वादाची पहिली अट त्यात पूर्ण झालेली असते. दुर्दैवाने शिक्षकाच्या टाचणवहीत आस्वादासाठी रकाना आणि अव्ययासाठी रकाना असे दोन स्वतंत्र रकाने असून घंटा होईपर्यंत केवळ दुसरा भरणे शक्य असते.

प्रयोग हे प्रकरण मात्र या कादंबरीने जेवढे सजीव होते तेवढे आंबा खाणाऱ्या रामाने गेल्या शतकभरात झालेले नाही. प्रयोग म्हणजे वाक्यातील कर्ता, कर्म आणि क्रियापद यांची परस्परांशी असलेली जुळणी. क्रियापद कर्त्याच्या लिंग, वचन व पुरुष यांप्रमाणे बदलले तर कर्तरी, कर्माप्रमाणे बदलले तर कर्मणी, आणि दोघांचेही न ऐकता तृतीयपुरुषी नपुंसकलिंगी एकवचनात ठाम राहिले तर भावे. 'फकिरा खजिना लुटतो' हा कर्तरी प्रयोग झाला. परंतु लूट पूर्ण होताच वाक्य 'फकिराने खजिना लुटला' असे होते, फकिरा तृतीया विभक्तीत जातो आणि क्रियापद खजिन्याच्या तंत्राने चालू लागते; खजिन्याऐवजी तिजोरी असती तर 'लुटली' झाले असते. ज्याने इंग्रज सरकारपुढे मान तुकविली नाही, त्याच्याही क्रियापदाला भूतकाळात सरकारी खजिन्यापुढे मान तुकवावी लागते, ही मराठी व्याकरणाची शिस्त आहे. 'फकिराने शिपायांना अडवले' या भावे प्रयोगात क्रियापद दोन्ही पक्षांपासून अलिप्त होते, आणि त्यातील कोणाची सरशी होईल याचा पत्ता क्रियापदावरून लागू देत नाही.

याच ओघात कर्मकर्तरी किंवा नवीन कर्मणी प्रयोगाकडे वळावे, कारण तो मुलांना कादंबरीपेक्षा सरकारी फलकांवरून अधिक परिचित असतो. 'खजिना लुटला गेला' असे वाक्य झाले की लुटणारा कोण हे सांगण्याची जबाबदारी वाक्यावर राहत नाही. 'कडून' हे शब्दयोगी अव्यय लावून कर्ता आणता येतो, पण तो आणलाच पाहिजे असे नाही. 'रस्त्याचे काम लवकरच हाती घेतले जाईल', 'दोषींवर कारवाई केली जाईल', 'थकीत रकमा दिल्या जातील' या वाक्यांतील कर्ता शोधण्यास दहावीच्या मुलांना सांगितले असता, त्यांना तो सापडत नाही, आणि तो त्यांच्या पालकांनाही सापडलेला नसतो. इंग्रज अधिकाऱ्यांनी फकिराच्या प्रकरणात हा प्रयोग वापरला असता तर त्याचा शोध घेण्याची गरजच उरली नसती.

समासांची उजळणी कादंबरीच्या बाहेर पडल्याशिवाय पुरी होत नाही, आणि ती तशी पडू द्यावी. 'ऊसतोड' हा षष्ठी तत्पुरुष, 'भाजीपाला' हा समाहार द्वंद्व, कारण त्यात उच्चारलेल्या दोन पदांबरोबर न उच्चारलेली वांगी आणि कोथिंबीरही येतात. 'बरेवाईट' हा वैकल्पिक द्वंद्व. मध्यमपदलोपी म्हणजे ज्यात दोन पदांचा संबंध दाखविणारी मधली पदे गाळलेली असतात असा समास, आणि 'साखरसम्राट' या शब्दाइतके त्याचे भरदार उदाहरण राज्यात दुसरे नाही. साखर आणि सम्राट या दोन पदांमध्ये कारखाना, सभासद, बँक, दूध संघ, शिक्षण संस्था आणि किमान दोन विधानसभा निवडणुका लोप पावलेल्या असतात. बहुव्रीहीची व्याख्या, म्हणजे समासातील दोन्ही पदे गौण राहून त्यांनी सुचविलेले तिसरेच पद प्रधान होणे, ही सरपंचपदाच्या तिरंगी लढती पाहून वाढलेल्या मुलांना समजावून सांगण्याची गरज पडत नाही.

शब्दशक्ती हा भाग सर्वाधिक घोकला जाणारा आणि सर्वांत कमी समजणारा म्हणून प्रसिद्ध आहे, तरी कोडोलीत तो सर्वांत सोपा ठरावयास हवा. अभिधा म्हणजे शब्दाचा सरळ कोशातला अर्थ देणारी शक्ती. तो अर्थ अडला की त्याला चिकटून असलेला दुसरा अर्थ देणारी ती लक्षणा. आणि दोन्ही अर्थ लागल्यानंतरही जे काही सुचत राहते ते देणारी व्यंजना. 'कारखान्याचे धुराडे पेटले' या वाक्याचा अभिधेने अर्थ घेतल्यास अग्निशामक दलाला बोलवावे लागेल. वारणाकाठचे शेंबडे पोरही तेथे लक्षणेने गळीत हंगाम सुरू झाला असाच अर्थ घेते. त्यानंतर चावडीपाशी कोणी 'काय, तोड आली का?' असे विचारले, तर उसाच्या तोडीची चौकशी हा त्यातील वाच्यार्थ झाला, 'तुझा वशिला कुठवर पोहोचला' हा व्यंग्यार्थ झाला, आणि विचारणाऱ्याचा स्वतःचा ऊस चार दिवसांपूर्वीच गेलेला आहे हे कळल्यावर तोच प्रश्न काळजातही रुततो. एवढी व्यंजना ज्याच्या अंगणात रोज चालते, तो विद्यार्थी परीक्षेत व्यंजनेचे उदाहरण म्हणून गाइडमधील एकच ठरावीक वाक्य लिहितो.

संस्कृत साहित्यशास्त्राने लक्षणेसाठी हजार वर्षांहून अधिक काळ चालविलेले उदाहरण म्हणजे 'गंगेवर गवळ्यांची वस्ती'. प्रवाहावर वस्ती असू शकत नाही, म्हणून येथे मूळ अर्थ बाधित होतो आणि गंगेच्या काठावर असा लक्ष्यार्थ घ्यावा लागतो, असे शास्त्रकारांचे विवेचन आहे. ते गंगेपुरते खरे असेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांत जो महापूर आला त्यात वारणाकाठच्या अनेक वस्त्या नदीच्या काठावर नसून नदीतच होत्या, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा तोच अर्थ लागला. त्यामुळे 'वारणेत वाडी' या वाक्यात मुख्यार्थाचा बाध होत नाही आणि लक्षणेला वावच उरत नाही, याची नोंद पुढील काळातील साहित्यशास्त्रकारांनी घेणे आवश्यक आहे. न्यायदर्शनाचीही स्थिती या जिल्ह्यात फारशी निराळी नाही. धूर दिसला की अग्नीचे अनुमान करावे, हे नैयायिकांचे सर्वपरिचित उदाहरण आहे. पण कोल्हापूरकर एखाद्या गोष्टीचे कौतुक करताना 'जाळ अन् धूर संगटच' असे म्हणून दोन्ही एकदमच समोर ठेवतो आणि अनुमानाचे कष्ट वाचवितो.

पात्र या संज्ञेपाशी वर्ग थोडा अडखळतो, आणि त्याला कारण आहे. कथानकात वावरणाऱ्या व्यक्तीला साहित्यात पात्र म्हणतात. परंतु वारणेचेही पात्र असते, पूजेचेही असते, आणि 'पात्र लाभार्थ्यांची यादी' तर ग्रामपंचायतीच्या फलकावर कायमच लागलेली असते. 'कादंबरीतील पात्रांची यादी करा' या कृतीवर एखाद्या मुलाने 'कागदपत्रं कुठली जोडायची?' असे विचारले, तर त्याला श्लेष म्हणजे एकाच शब्दातून दोन अर्थ निघणे, ही संज्ञा त्याच जागी शिकविता येते, पुन्हा उदाहरण शोधावे लागत नाही. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराने १९२७ साली मांडलेला, पात्रांचा सपाट आणि गोल असा भेदही पुढे याच वर्गात येतो. सपाट पात्र एका वाक्यात सांगून संपते, गोल पात्र आपल्याला पटेल अशा रीतीने चकित करू शकते. तालमींच्या जिल्ह्यात गोल पात्राचा अर्थ प्रथम खुराकावरून लावला जातो, हे अपरिहार्य आहे. परंतु तो दुरुस्त केल्यावर मुले स्वतःहून असे दाखवून देतात की, 'फकिरा'तील विष्णुपंत कुलकर्णी हे पात्र सपाट नाही, कारण गावचा कुलकर्णी असूनही तो मांगवाड्याच्या बाजूने उभा राहतो. ही ओळ गाइडमध्ये नसल्यामुळे तिला किती गुण द्यावेत, असा प्रश्न मग शिक्षकापुढे उभा राहतो.

निवेदक म्हणजे कथा सांगणारा आवाज. तो लेखकच असतो असे नाही. 'फकिरा'चा निवेदक तृतीयपुरुषी आणि सर्वसाक्षी आहे, म्हणजे तो कथेत नसतो पण त्याला सगळ्यांच्या मनातले कळते. 'ययाति'मध्ये ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपापली बाजू सांगतात, 'मृत्युंजय'मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन आदी मंडळी तेच करतात, तर 'गोतावळा'त नारबा हा शेतावरचा गडी आपल्याच बोलीत सर्व काही सांगून टाकतो. ही माहिती पाठ करून लिहिणे अवघड नाही. अवघड प्रकार निराळाच आहे. शर्मिष्ठेचे निवेदन मोठ्याने वाचावयास एखादी मुलगी उभी राहिली की ती 'मी जाते', 'मी आले' असे छापील रूप निर्दोष वाचते, आणि पुस्तक मिटताच 'बाई, मी पाणी प्यायला जातो' असे म्हणून निघून जाते. कोल्हापूरकडील ग्रामीण बोलीत स्त्रियांच्या तोंडी प्रथमपुरुषी क्रियापदाचे पुल्लिंगी रूप सर्रास येते, आणि प्रमाण व्याकरणाच्या दृष्टीने ती चूक असली तरी ज्या मुलीची आई, आजी आणि आत्या तसेच बोलतात तिला ती चूक वाटत नाही. परगावाहून नव्याने आलेल्या शिक्षकाला तर 'काय करायलास?' हे अपूर्ण वर्तमानकाळाचे वाक्य आहे, 'काय करण्यासाठी आलास?' असा त्याचा अर्थ नाही, हे समजेपर्यंत पहिली घटक चाचणी उलटलेली असते.

या बोलीरूपांच्या बाबतीत मराठी लेखनाचे नियम समजले जातात तेवढे कठोर नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली आले, १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडून ते अठरा झाले. आणि त्यांतच पात्राच्या तोंडची भाषा त्याच्या उच्चारणाप्रमाणे लिहिण्याची मुभा दिलेली आहे. म्हणजे 'त्येस्नी' हे रूप निबंधात आले तर लाल शाईस पात्र होते आणि कादंबरीतील संवादात आले तर पुरस्कारास पात्र होते. 'मग निबंधात मी पात्रच हाय की' असा युक्तिवाद एखादा विद्यार्थी करील, तर त्याला निबंधाचा निवेदक आणि कथेतील पात्र यांतील भेद समजावून सांगण्याची याहून चांगली संधी शिक्षकाला मिळणार नाही, आणि ती त्याने दवडू नये.

रसांविषयी येथे विस्तार करण्याचे कारण नाही. नवरसांवर तांबडा-पांढरा रस्सा ओतण्याचा विनोद कोल्हापूर जिल्ह्यातील मराठीचा प्रत्येक शिक्षक सेवाकाळात एकदा तरी करतो, म्हणून तो वगळणेच योग्य. एवढेच नोंदवावे की, 'फकिरा'त वीररस आहे असे लिहून मुले थांबतात, पण वीराचे युद्धवीर, दानवीर, दयावीर आणि धर्मवीर असे चार प्रकार शास्त्रात सांगितलेले आहेत, आणि दुष्काळात धान्य लुटून ते उपाशी माणसांच्या घरी पोहोचविणारा फकिरा घोड्यावर बसलेल्या फकिरापेक्षा निराळ्या प्रकारचा वीर ठरतो. गबऱ्या या त्याच्या घोड्याविषयीही एक शंका दरवर्षी निघते. गबऱ्याला माणसासारख्या भावना दिल्या आहेत, म्हणून तेथे चेतनगुणोक्ती आहे का? निर्जीव वस्तूला सजीवाचे गुण चिकटविणे म्हणजे चेतनगुणोक्ती, आणि घोडा पहिल्यापासूनच सजीव आहे, असे व्याकरणाचे उत्तर आहे. ते ऐकून 'गबऱ्या फळ्यापरीस जिवंत हाय, एवढं नक्की' असा जो शेरा वर्गातून येतो, त्यात फळ्यावर अन्याय होतो.

कथानकाची उजळणी करताना गुस्ताव फ्रायटाग या जर्मन लेखकाने १८६३ साली नाटकासाठी सुचविलेली त्रिकोणाकृती फळ्यावर काढण्याची प्रथा आता खेड्यापाड्यांतही पोहोचली आहे. आरंभ, चढण, उत्कर्षबिंदू, उतरण आणि शेवट असे तिचे पाच टप्पे. 'फकिरा' या आकृतीत बसविण्याचा प्रयत्न केल्यास आकृतीच मोडते, कारण जोगणीपायी राणोजीचा बळी जातो तेव्हा एक शिखर कादंबरीच्या आरंभीच उभे राहते आणि मग त्याचा मुलगा दुसरे चढू लागतो; शेवटी तर तो पराभवाने पकडला जात नाही, माणसे वाचविण्यासाठी आपण होऊन स्वाधीन होतो, आणि ही उतरण मानावी की उत्कर्षबिंदू, यावर वर्गात दोन तट पडतात. या वादाला दोन तास लागतात. वार्षिक नियोजनात ते दोन तास नसतात, परंतु सबंध वर्षात संज्ञांची खरी उजळणी त्या दोन तासांतच झालेली असते, कारण उत्कर्षबिंदू ही संज्ञा मुलांना त्या वेळी भांडणात जिंकण्यासाठी लागलेली असते.

शाळेची अडचण मात्र समजून घेतली पाहिजे. दहावीच्या कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत ८० गुणांपैकी भाषाभ्यासाला १६ आणि स्थूलवाचनाला ६ गुण असतात, त्यामुळे पूर्ण कादंबरीचा वर्गातील भाव तिच्यातील समासांपेक्षा कमी ठरतो. अकरावीच्या युवकभारतीत साहित्यप्रकार म्हणून नाटक आणि बारावीच्या पुस्तकात कथा यांचा परिचय करून दिलेला आहे, आणि दोन्ही विभाग चांगले आहेत. सबंध कादंबरी मात्र मुलाला पुढे पदवीच्या वर्गात, तीही मराठी विषय घेतला तरच, भेटते. तोपर्यंत तो पोलीस भरतीला धावू लागलेला असतो.

म्हणून कोडोलीतील, आणि तीन कोडोल्यांपैकी कोणत्याही कोडोलीतील, मराठीच्या शिक्षकांना एवढीच विनंती आहे की, 'फकिरा' वर्गात आणावी, पण पहिल्या वाचनाच्या वेळी खडू हातात घेऊ नये, अव्यय विचारू नये आणि राणोजी जगतो की नाही हे मुलांना आधी कळू द्यावे. दुसऱ्या वाचनाला हवे तेवढे समास सोडवावेत. भाषाभ्यासाचे १६ गुण तोपर्यंत कोठेही जात नाहीत.